खंडेनवमीचा बंपर

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पूजली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. पाटावर लाल कापड, त्यावर नट-बोल्टचे पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, आईची विळी, माझं ड्रिल मशीन आणि सगळ्यांत पुढं गाडीची चावी. एरवी देवळात चला म्हटलं की वडिलांचे गुडघे दुखतात, पण तीस वर्षं बस चालवलेला माणूस या एका दिवशी कुणाचं ऐकत नाही. दसऱ्याला फुलं वाहून झाली की ज्याचं हत्यार त्यानं उचलायचं, दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही, हा नियमही त्यांचाच. विळी आई उचलते, ड्रिल मी आणि चावी वडील. गाडी माझ्या नावावर आहे, पण हे बोलायची सोय नाही.

आणि मला यंदा नेमकी ती चावीच त्यांच्याकडून काढून घ्यायची होती. उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे, समोरचं दिसतं पण डाव्या बाजूचं जवळजवळ दिसत नाही, गाडी बंद करा. वडील बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर नवा दिसतोय." तेव्हापासून जालन्याहून बहीण दर आठवड्याला फोन करते आणि विचारते, "बोललास का?" मी दर आठवड्याला सांगतो, बोलतो. दर दसऱ्याला ते आईला घेऊन स्वतः गाडी चालवत वेरूळला जातात. दौलताबादची ती अरुंद वेस, पुढं घाट, सुट्टीची गर्दी. उद्या पुन्हा जाणार होते. आणि मी काय करत होतो, तर गाडी धूत होतो.

पुढच्या डाव्या कोपऱ्यावर फडकं फिरवलं आणि बंपर हातात आला. अख्खा नाही, कोपरा. चाकाच्या कमानीपाशी बोटभर फट पडली आणि दाबला की आत जायचा, सोडला की बाहेर यायचा. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांच्या कामातली केसाएवढी फट पकडायचा मला पगार मिळतो. स्वतःच्या गाडीची बोटभर फट मला दिसली नव्हती, याचाच पहिला राग आला.

नेहमीच्या मिस्त्रींना फोन लावला. मागं पाण्याचा फवारा, लोकांचा गलका. "दसरे की गाड्यां धो रहा हूं साब. क्लिपां टूट गए हुंगे. परसों लाओ. और घरपे खोलो नक्को!"

नक्को म्हटल्यावर मी उघडायला बसलो.

दारातून ओरडून म्हणालो, "आई, स्क्रू ड्रायव्हर दे."

आईच्या आधी वडील बोलले. ते ओसरीत खुर्ची टाकून पेपर घेऊन बसले होते. "आज हत्याराला हात लावायचा नाय."

"बाबा, एक स्क्रू आहे फक्त."

"एक असू दे नाय तर अर्धा. ऱ्हाऊ दे तसाच. उद्या हार घातला की झाकून जाईल."

हे मला विचित्र वाटायला हवं होतं. बसच्या चाकाचा एक नट सैल असला तरी डेपोतून गाडी न काढणारा हा माणूस बंपर हाराखाली झाकायला सांगत होता. पण रागात माणसाला कान असतात, डोकं नसतं.

मग जे काही केलं ते सांगायची लाज वाटते. स्क्रू चमच्याच्या दांड्यानं फिरवला. चमचा वाकला. आईनं तो बघितला आणि चमच्यांचा डबाच उचलून वरच्या फळीवर ठेवला. वाकड्या चमच्यानं प्लास्टिकची एक धड क्लिप उचकटायला गेलो, ती टण्णकन उडून गटारात गेली. आता दोन जागी सैल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारखान्यातून आणलेले प्लास्टिकचे पट्टे ओवून बांधावं म्हटलं, तर ओवायला भोक नाही. भोक पाडायला ड्रिल पाहिजे. ड्रिल पाटावर, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन निवांत. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर, हाताला काळं वंगण आणि दर पाच मिनिटांनी ओसरीतून तोच आवाज, "लई खटाटोप करतोस तू. सोड की."

शेवटी पोतं अंथरलं आणि खाली शिरलो. मोबाइलचा उजेड मारला.

आत बंपर तारेनं बांधलेला होता.

तार जुनी नव्हती. तीन पीळ घातलेले, टोक आत वळवलेलं आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. तारेचं टोक उघडं सोडू नये, दुसऱ्याचा हात फाटतो, हे मला दहाव्या वर्षी ज्यांनी शिकवलं ते ओसरीत पेपर धरून बसले होते. एक पीळ सुटला होता, म्हणून कोपरा माझ्या हातात आला होता.

ट्यूबचा तुकडा बोटानं चाचपला. मग मान वळवली तर फाटकाचा खांब दिसला, डाव्या हाताचा. महिन्यापूर्वी वडिलांनी तुळशीजवळची झेंडूची मोठी कुंडी उचलून त्या खांबाशी नेली होती. तिथं ऊन चांगलं लागतं म्हणाले होते. खालून बघितलं तेव्हा कुंडीमागं उडालेलं प्लास्टर दिसलं.

बाहेर आलो. हात पुसले. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं.

"बाबा, तारेचा पीळ सुटलाय."

पेपर हलला नाही. त्यामागूनच म्हणाले, "व्हय. घाईत बांधली व्हती."

आणि माझा तोल गेला. अंगणात उभा राहून मी ओरडलो. महिनाभर हे लपवलं? तिथं खांबाऐवजी कुणी माणूस असता तर? आईला शेजारी बसवून घाटात जाणार होतात? एवढ्या दिवसांत एकदा सांगता आलं नाही?

वडिलांनी पेपरची घडी घातली. "तुला तरी कुठं इचारता आलं?"

  मी बादली उचलून मागच्या अंगणात गेलो आणि उगाच खूप वेळ हात धूत बसलो. राग त्यांच्यावर होता की माझ्या स्वतःवर, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या दिवशी तिघं वेगवेगळ्या वेळी जेवलो. बहिणीचा फोन आला, मी उचलला नाही.

दसऱ्याच्या सकाळी आईनं हत्यारांना फुलं वाहिली. मग तिनं विळी उचलली. मी ड्रिल उचललं. वडील पुढं झाले, वाकले आणि त्यांनी पक्कड उचलली. तिचं कुंकू पंच्याच्या टोकानं पुसलं आणि ते बाहेर गेले. गाडीच्या पुढं उकिडवे बसून, चाचपत, त्यांनी सुटलेला पीळ पुन्हा घातला. टोक आत वळवलं. मग पक्कड खिशात टाकून गाडीत जाऊन बसले. डावीकडच्या सीटवर.

मी पाटासमोर उभा होतो. दारातूनच म्हणालो, "बाबा, चावी राहिली."

"ऱ्हायली नाय," ते समोर काचेतून बघत म्हणाले. "ज्याचं हत्यार त्यानं उचलावं."

उन्हाळ्यापासून मला तीच चावी हवी होती. आईनं मागच्या सीटवर बसून गाडीचं दार लावून घेतलं, एकदा हाकही मारली, तरी माझा हात पाटाकडं जाईना.