बबनच्या नावावरची शिट्टी

बबन सकाळी गेला. मी दुपारी व्यवस्थित जेवलो.

तिसगावला त्याच्या मातीला जाऊन आलो, अंघोळ केली आणि ताटावर बसलो. बायकोने विचारलं, "आणखी भात?" मी ताट पुढे केलं.

रडू येत नाहीये. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं काहीतरी झालंय.

म्हणून लिहितोय. मोबाईलवर, एका बोटाने, सावकाश. चुका पोटात घाला.

एकाहत्तर साल असेल. नगरमध्ये तेव्हा पोलिसांच्या मदतीला आम्हा तरुण पोरांना ट्रॅफिक वॉर्डन म्हणून चौकात उभं करायचे. खाकी ड्रेस, दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी.

मी कारकुनाचा मुलगा. कडक इस्त्री, भांग पाडलेला. त्या शिट्टीचा मला कोण अभिमान! समोर नुसती सायकल आली तरी फुंकायचो.

बबन तिसगावच्या शेतकऱ्याचा. त्याला पोलिसात जायचं होतं. रोज सकाळी पळायचा. वॉर्डनचं चांगलं सर्टिफिकेट मिळालं की भरतीत उपयोग होईल, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

पाथर्डीकडून येणारा रस्ता शहरात शिरतो, त्या चौकात आमची जोडी. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांची रांग लागायची. गाडीत पातेली, कोंबड्या, लेकरं, अख्खा संसार.

गाड्या आल्या की बबन तोंडातली शिट्टी काढून खिशात टाकायचा. पुढे जाऊन बैलाच्या मानेवर हात ठेवायचा. "हो राजा, हो." बैल थांबायचे. एसटी निघून जायची.

मला म्हणाला होता, "सुध्या, बैलाला आपल्या हाताचा इशारा कळत न्हाई. आन् शिट्टी तर आजिबात वाजवू नको. बुजत्यात ती."

मी म्हटलं, "बरं बरं, शेतकी कॉलेज!"

त्या दिवशी चारचा सुमार. ऊन थेट माझ्या डोळ्यांवर येत होतं, आणि मी सारखी कुरकुर करत होतो. शेवटी बबनच म्हणाला, "ये हिकडं माझ्या जागेवर. सावली हाय. मी थांबतो तिकडं."

ड्युटीच्या कागदावर ती जागा त्याची होती. उभा मी होतो.

गाड्या आल्या. समोरून एसटी जोरात आली. मी घाबरलो आणि लांबलचक शिट्टी फुंकली.

बैल उधळले. चाक गटारात गेलं, गाडी उलटली. एक बाई खाली सापडली.

जीव वाचला. उजवा हात मोडला. कोयता धरायचा हात.

तिचं नाव मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

साहेब आले. कागद बघून म्हणाले, "या बाजूला तू ना रे? शिट्टी तूच वाजवलीस?"

बबनने माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. मला बोलायला भरपूर वेळ होता.

मी बुटांकडे बघत राहिलो.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "मीच."

त्याला काढलं. पट्टी, शिट्टी जमा. सर्टिफिकेट राहिलं, पोलिसात जाणंही राहिलं. वर गावभर नाव पडलं, शिट्टी.

बैलासमोर कधीही शिट्टी न वाजवलेला एकच माणूस त्या चौकात होता, आणि त्याचंच नाव शिट्टी!

नंतर चहा पिताना मी विचारलं, "का केलंस असं?"

"तुझा सरकारी नोकरीचा अर्ज गेलाय ना. मला काय, रान हाय."

रानात त्या साली कुसळ उगवलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी चहा संपवला.

मला नोकरी लागली. तो पुढे नागापूरला वर्कशॉपमध्ये लेथवर लागला आणि तिथेच म्हातारा झाला. दोस्ती कायम राहिली. त्याच्या मुलाच्या लग्नात व्याही म्हणाले, "या, शिट्टीअण्णा!" सगळे हसले. बबनही हसला. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो.

तो विषय त्याने परत कधी काढला नाही. फक्त माझ्या रिटायरमेंटच्या दिवशी म्हणाला, "झालं ना रं तुझं समदं नीट?"

झालं म्हटलं.

आज स्मशानात नेहमीप्रमाणे भाषणं झाली. एक पुढारी म्हणाले, "अण्णांच्या शिट्टीनं एकदा गाडी उलटली, पन संसाराची गाडी त्यांनी कधी उलटू दिली न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. बबनची बायको पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

मग कुणीतरी मला म्हणालं, "तुमी जोडीदार हुते त्यांचे. बोला दोन शब्द."

मी उभा राहिलो. "माणूस फार चांगला होता," म्हणालो आणि बसलो.

पन्नास वर्षांत दुसऱ्यांदा.

मी भित्रा माणूस आहे. हे लिहिताना मला वाईटसुद्धा वाटत नाहीये, आणि त्याचीच जास्त भीती वाटतेय.

बबन, तुझं नाव आज तुला परत. फार उशीर केला. नमस्कार घे.

विलास, तू त्याचा मुलगा, म्हणून तुला टॅग केलंय. तुझ्या आईला हे वाचून दाखव, तिला मोबाईलवरचं दिसत नाही. पुढाऱ्याचं वाक्य गाळू नकोस, आणि माझं तर नाहीच नाही.

दहाव्याला मी यावं की नको, ते तिला विचार आणि कळव.