‘हक्क’ लिहिलेला कागद

डेल्फिया सायझमोर दार उघडण्याआधी पडद्याच्या फटीतून आधी गाडी बघायची, मग गाडीचा नंबर, आणि सगळ्यात शेवटी माणसाचं तोंड. केंटकीच्या त्या कोळशाच्या डोंगरांत म्हातारी माणसं बहुतेक अशीच, पण डेल्फिया चार पावलं पुढे. नवरा हयात असताना चर्चमध्ये सांगत सुटायचा, "स्वर्गाच्या दारातसुद्धा ही विचारेल, आधी कागद दाखवा!"

एप्रिलमध्ये एका सकाळी तिची खबरदारी चुकली. ती मागच्या अंगणात कांदे लावत होती आणि पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. नशेपायी वाया गेलेला एक तरुण तिच्या पाठदुखीच्या, नशा आणणाऱ्या गोळ्यांसाठी घरात शिरला, आणि ती आत धावून आडवी येताच चुलीवरचा बिडाचा तवा उचलून त्यानं तिच्या तोंडावर मारला. दोन दिवसांत तो पकडला गेला. जबडा सांधला, पण पुढचे सहा दात गेले ते गेलेच. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो पोरांना जेवू घातलेली ही बाई आता मक्याची भाकर ताकात कुस्करून गिळत होती. चर्चला जाणंही तिनं सोडलं. गाताना शब्दांऐवजी वारा बाहेर यायचा, आणि तिला त्याची लाज वाटायची. तिला दात हवे होते, अगदी मनापासून हवे होते. पण दंतवैद्याचा खर्च तिच्या पेन्शनच्या आवाक्याबाहेर होता.

मे महिन्यात कोर्टाच्या इमारतीतून रेनिटा नेपिअर आली. गुन्ह्यात पोळलेल्या माणसांना सरकारी मदत मिळवून देणं हे तिचं काम. पोलिसांचा अहवाल, इस्पितळाची कागदपत्रं, दंतवैद्याचं खर्चाचं पत्रक, सगळं तिनंच गोळा करून आणलं होतं.

"फक्त सही हवी, मिस डेल्फिया. दातांचा सगळा खर्च मिळेल."

"तू कुणाची गं?"

"नेपिअरांची सून. माहेर ओहायोचं."

"म्हणजे सपाटीवरची." डेल्फियाच्या मनात पाल चुकचुकली. "आणि हे एवढं दान कोण करतंय?"

"दान नाही हो. मोठमोठे गुन्हेगार, लबाड कंपन्या पकडल्या गेल्या की दंड भरतात. त्यातून येतं."

"लबाडांचा पैसा आणि माझ्या तोंडात? छान! तुला यात काय मिळतं?"

"पगार," रेनिटा हसून म्हणाली.

डेल्फिया हसली नाही. चष्मा लावून, बोट ठेवत ती एकेक ओळ वाचत गेली. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. गुन्हेगाराकडून किंवा विम्याकडून पुढे काही भरपाई मिळाली, तर दिलेल्या मदतीपुरता त्यावर राज्याचा हक्क राहील, असं तिथं लिहिलं होतं.

"हक्क!" ती म्हणाली. "घे तुझा कागद."

तिच्या आज्यानं असाच एक कागद अंगठा लावून दिला होता. जमीन तुमचीच, आम्हाला फक्त खालच्या कोळशाचा हक्क, असं गोड बोलून कंपनीच्या माणसानं तो घेतला. पुढे पन्नास वर्षांनी त्याच हक्काच्या जोरावर यंत्रं आली आणि घेवड्याचा मळा, विहीर, आजीची कबर, सगळं उकरून गेली. डेल्फिया तेव्हा नऊ वर्षांची होती. अशा बाईला संशयी म्हणून हसणाऱ्यांचा मला रागच येतो.

रेनिटा आणखी दोनदा आली. "तुमच्या घराला, जमिनीला कोणी हात लावणार नाही," असं तिनं परोपरीनं सांगितलं. ते एक वाक्य खोडून दे, डेल्फियाचं म्हणणं. खोडलं तर अर्जच बाद होईल, रेनिटाचं म्हणणं. सही केली नव्हती, तरी डेल्फिया दर मंगळवारी कोर्टाच्या इमारतीत जाऊन जमिनीच्या नोंदवह्या तपासू लागली. कोण जाणे, परस्पर काही चढवलं तर?

"मावशी, तुमच्या जमिनीवर गवताशिवाय काही चढलेलं नाही," कारकून ऑर्बिन वैतागून म्हणायचा.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी तिला रेनिटाच्या खोलीत खोकी भरलेली दिसली.

"पळतेयस कुठं?"

"पळत नाही, मिस डेल्फिया. माझ्या पगारासाठी वरून येणारा निधी आटलाय. शुक्रवारी ही खोली बंद होणार. त्याआधी सही करा, तुमचा अर्ज मी स्वतः पाठवते. नंतर पाठपुरावा करायला इथं कुणी नसेल."

डेल्फियानं खेचरं विकणारे दलाल पाहिले होते. आजच घ्या, उद्या मिळणार नाही, ही त्यांची भाषा तिला पाठ होती. "घाई करणाऱ्याला मी सही देत नाही," ती म्हणाली आणि निघाली.

रेनिटानं फाइल तिच्या मागे धावत आणून गाडीत ठेवली. "कागद तुमचे आहेत. तुमच्याकडेच असू द्या."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार ते कागद जेवणाच्या मेजावर पडून राहिले. डेल्फियानं ते पाच वेळा वाचले. लबाडी शोधत होती, सापडत नव्हती, आणि सापडत नाही म्हणून संशय आणखी वाढत होता. शेवटी तिनं ठरवलं, सोमवारी जायचं. खोली उघडी असली तर बाई खोटारडी, कागद तिच्या तोंडावर फेकायचे.

सोमवारी खोलीला कुलूप होतं. दारावरची नावाची पाटी काढलेली, तिच्या जागी नुसती दोन भोकं. डेल्फियानं कुलूप ओढून पाहिलं. मग तिनं पिशवीतून पेन काढलं, कागद त्या बंद दारावर टेकवला आणि सही केली.

"आता हे कुणाला द्यायचं?" तिनं ऑर्बिनला विचारलं.

"राजधानीला टपालानं पाठवा. पण ते लोक पुन्हा कागद मागतात, फोन करतात, पाठपुरावा लागतो. आता नऊ तालुक्यांना मिळून एकच बाई उरलीय, दोन तास गाडीनं जावं लागतं."

"कशी आहे ती? विश्वासाची?"

"मला काय माहीत, मावशी? मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही."

डेल्फियानं कागदांची घडी घातली.

"ही होती," त्या बंद खोलीकडे बघत ती म्हणाली.