दोन माणसांचं मचाण

आबा कुठंही बसले तरी अर्ध्याच जागेवर बसत. एस.टी.च्या सीटवर, हॉटेलातल्या बाकड्यावर, माझ्या दुकानातल्या बेंचवर, सगळीकडं उजव्या अंगाला सरकून, अंग चोरून. डावीकडची जागा मोकळी. कुणी तिथं टेकायला आलं की हात आडवा घालून म्हणायचे, "हितं माणूस हाय." पहिल्या दिवशी मी बिचारा त्या माणसाची वाट बघत बसलो. दोन चहा सांगितले होते, तिसरा सांगावा का या विचारात. शेवटी न राहवून विचारलं, "कोण यायचं हाय का आबा?" तर म्हणाले, "कोण न्हाय. तू तुझं बोल."

माझं उद्यमनगरात वेल्डिंगचं दुकान. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे ही आमची रोजची कामं. मोबाइल अजून कुणाच्या खिशात आला नव्हता तेव्हाची गोष्ट. हा उंच, वाळका म्हातारा हात गळ्यात बांधून दुपारचा आला आणि खिशातून घडी घातलेला एक रंगीत कागद काढून माझ्यापुढं धरला. रद्दीवाल्याकडच्या कुठल्यातरी विलायती मासिकातलं चित्र होतं. उभ्या झाडाच्या खोडाला एक खुर्ची मिठी मारून बसलेली आणि खुर्चीत एक साहेब बंदूक घेऊन. "मिस्त्री, असलं चढतं मचाण करून पायजे," म्हणाले. "शिडी नको, दोरी नको. बसायचं, उठायचं, की वर जातंय बघ."

मी म्हटलं, "आबा, शिकार बंद हुन किती वरसं झाली! आत टाकतील की."

"शिकार कोण करतंय मर्दा? बंदूक गेली, मचाण तेवढं ऱ्हायलं."

मग सगळं कळलं. राधानगरीकडच्या डोंगराखाली त्यांचं भाताचं शेत. पीक तयार व्हायला आलं की डोंगरातून गवे उतरायचे, एका रात्रीत शेताचा चिखल करून जायचे. तरुणपणी आबा बापाबरोबर डुकरांची शिकार करत. कायदा आला, बंदूक जमा झाली, पण बांधावरच्या जांभळीवरचं फळ्यांचं मचाण त्यांनी सोडलं नाही. फक्त आता बंदुकीच्या जागी बायको आली. हौसाक्का. लग्न झाल्यापासून राखणीला दोघं बरोबर बसत. गावात लोक चेष्टा करायचे, की या जोडप्याचा संसार जमिनीवर कमी आणि झाडावरच जास्त झालाय. कामाची वाटणी ठरलेली होती. आबांनी बघायचं आणि आक्कांनी ओरडायचं. "मी नुसतं गुडघ्यानं ढोसायचो," आबा सांगत. "की ती अशी वरडायची, गवं सोड, डोंगर मागं सरंल." आबांनी स्वतः जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. गरजच पडली नव्हती.

आक्का गेल्या. त्यानंतर पहिल्याच सुगीला आबा एकटे जांभळीवर चढायला गेले आणि खाली आले ते खांदा निखळूनच. त्यांचा एकुलता मुलगा प्रकाश राजारामपुरीत क्लास चालवायचा. वाईट नव्हता तो पोरगा, मीच त्याच्या गॅलरीचं ग्रिल केलं होतं. त्यानं बापाला सांगितलं, एवढं वर्ष बघू. पीक राखलं तर राहा तिथं. गव्यांनी खाल्लं तर शेत वाट्यानं देऊ आणि तुम्ही माझ्याकडं यायचं. आबांना फ्लॅटात जायचं नव्हतं. म्हणून ते मचाण. हात धड नव्हता, पाय होते. पायाच्या जोरावर झाडावर चढता आलं तर शेत राहणार होतं.

मग जी निवड सुरू झाली, काय सांगू! एवढी चिकित्सा लोक सून बघतानाही करत नाहीत. मी चित्राप्रमाणे साखळी घातली, तर आबांनी ती कानाशी धरून हलवली. "वाजती." साखळी काढून रबरी पट्टा लावला. बैठकीला पत्रा घातला, तर म्हणाले, थंडीत पत्र्यानं पाठ धरते, पट्ट्या विण. मी वैतागून म्हटलं, "अहो, गवं हाकलायचंच हाय न्हवं? मग वाजलं म्हणून काय बिघडतंय?"

"आदी बघायचं, मग हाकलायचं," आबा शांतपणे म्हणाले. "नुसतं हाकलायला बुजगावणं हाय की."

आणि बैठक! तीनदा केली मी ती. चित्रात एका माणसापुरती होती. आबा बसून बघायचे, उठायचे, मान हलवायचे. "आणि जरा रुंद कर." मी म्हटलं, "आबा, एवढंसं तुमचं ढुंगण, त्याला जमखाना कशाला?" दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. आबा हसले नाहीत. बैठकीच्या उजव्या टोकाला सरकून बसले आणि डावीकडच्या मोकळ्या पट्ट्यांवरून हात फिरवत म्हणाले, "ती कुठं बसंल मग?"

सांगणं भाग होतं म्हणून एवढंच सांगितलं, की एका अंगाला बसलात तर तिरकं होईल, मधोमध बसा. ते म्हणाले, दुसऱ्या अंगाला पाण्याची कळशी ठेवीन. मी निमूट त्या बाजूला हूक जोडून दिला.

बसवायला मी स्वतः टेम्पोतून गेलो. आबांनी दहादा सांगितलं होतं, जांभूळ सरळसोट आहे, पट्टीनं आखल्यासारखी. जाऊन बघतो तर काय, माणसाच्या डोक्यावर हातभर गेलं की झाड सरळ दोन फांद्यांत फाटलेलं! चढतं मचाण खोडाला कवळून वर सरकतं. फांदी आडवी आली की संपलं. कपाळावर हात मारून मी म्हटलं, "आबा, ह्येला सरळ म्हणतात व्हय?" आबा त्या झाडाकडं असे बघत राहिले, जणू आजच पहिल्यांदा बघतायत. म्हणाले, "हौसा आदी चढायची, वरनं हात द्यायची. मी तिच्याकडं बघत चढायचो. झाडाकडं कोण बघतंय?"

शेवटी शेजारच्या बांधावरच्या निलगिरीवर मचाण चढवलं. सरळ झाड, फांदी एक नाही. बसायचं, पायांखालची चौकट पायानंच वर ओढायची, उभं राहायचं, बैठकीची चौकट वर सरकवायची. सुरवंटासारखे आबा वर गेले. एवढ्या उंचावरून तो म्हातारा लहान मुलासारखा हसला. मला बरं वाटलं.

महिन्याभरानं त्या बाजूला काम निघालं म्हणून वाकडी वाट करून गेलो. दिवसाढवळ्या आबा वरच होते. बैठकीच्या उजव्या टोकाला आबा, डाव्या टोकाला कळशी. माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. बैठकीचं तोंड जांभळीकडं होतं. भात सगळं पाठीमागं.

खालून ओरडलो, "आबा, तोंड फिरवून घ्या! पीक मागं ऱ्हायलं की!"

"मागं कान हायत," वरून उत्तर आलं.

कापणी तोंडावर आली आणि गवे उतरले. सगळं खाल्लं, उरलेलं तुडवलं. मी भेटायला गेलो तेव्हा प्रकाश सामान बांधत होता. वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागला असेल. मी तसं म्हटलंही. आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "डोळा लागला न्हवता. आलेलं ऐकलं मी. एक तर जांभळीच्या बुडात येऊन हुबा ऱ्हायला. म्हटलं, आता वरडंल. वाट बघितली." मग म्हणाले, "न्हाय वरडली, मिस्त्री."

आक्कांना जाऊन वर्ष झालं होतं, पण आबांना खरं ते त्या दिवशी कळलं असं मला वाटतं.

राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर आबा आले. मचाणाची बैठक तेवढी बरोबर आणली, आणि माझ्याच ग्रिलला मी ती गॅलरीत जोडून दिली. दुकानातून जवळ, म्हणून वरचेवर जायचो. सून चांगली, नातवंडं गोड, तरी घर आपलं दिवसभर मोकळं. सगळे क्लासात नाहीतर शाळेत. आबा उजव्या टोकाला बसून खालच्या रिक्षा बघायचे. बोलणं एखाददुसरं. मी उंबऱ्यावर स्टूल घेऊन बसायचो. अशी वर्षं गेली. एका संध्याकाळी त्यांनी डावीकडची जागा हातानं झाडली आणि म्हणाले, "बस."

"तिथं?"

"तितंच. पर वरडता आलं पायजे."

मी बसलो. खाली एक मोकाट बैल कुणाच्यातरी कुंड्यांतली झाडं ओरबाडत होता. आबांनी गुडघ्यानं मला ढोसलं. मी पण उद्यमनगरात मशिनींच्या वरताण आवाज काढणारा माणूस. "हुर्र्र! हाऽऽऽट!" असा ओरडलो, की बैल राहिला बाजूला, समोरच्या क्लासातली पोरं खिडकीत आली. आबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यानंतर दर संध्याकाळी मी तिथं बसू लागलो. आबांनी ढोसायचं आणि मी ओरडायचं. बिल्डिंगवाले मला येडा समजत. समजू देत.

आबा गेल्यावर प्रकाशनं बैठक मला आणून दिली. भंगारात घालवेना म्हणाला. मी ती दुकानाच्या दारात लावली. संध्याकाळी मशीन बंद झालं की बसतो. समोरच्या रस्त्यावर जनावरं असतात, ओरडावंसं वाटत नाही. गुडघ्यानं कुणी ढोसत नाही.

परवा एक गिऱ्हाईक दमून आलं. मी डाव्या टोकाला, उजवीकडची जागा मोकळी. "सरका की पावणं," म्हणत ते टेकायला लागलं. माझा हात आपोआप आडवा गेला.

"हितं माणूस हाय," मी म्हटलं.