मालुबाईचा आवाज

मालुबाईचा आवाज हा हिंडलग्यात चर्चेचा विषय. ती परड्यातनं हाक मारायची आणि बसस्टॉपवरचा माणूस मागं वळायचा. माहेर सदलग्याचं, तिथं सगळीच मोठ्यानं बोलणारी, त्यामुळं तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लग्न होऊन आली आणि आठवड्यात सासऱ्यानं तंबी दिली, "सुनंचा आवाज उंबऱ्याभाईर जायाचा न्हाय." बिचारी वर्षानुवर्षं कुजबुजत जगली. मग एकदा ते सासरेबुवाच पाय घसरून मळ्यातल्या विहिरीत पडले. मालुबाईनं अशी बोंब ठोकली की पलीकडच्या शिवारातली माणसं दोर घेऊन धावली. म्हातारा वाचला. त्यानंतर तिला हळू बोल म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मालुबाईची सून रचना बेळगावात कंप्युटरवर गेम बनवणारी. स्वतःची छोटी कंपनी, तीनच माणसं. दिवाळीत इकडं गल्लोगल्ली पोरं मातीचे किल्ले करतात, तटावर अळीव पेरतात, मावळे मांडतात, त्याचाच तिनं गेम केला. खेळणाऱ्यानं ओल्या तटावर पाय दिला की घरातली म्हातारी ओरडते. त्या म्हातारीसाठी रचनानं सासूलाच माईकसमोर बसवलं.

"याक रं, डोळं फुटलं काय तुझं? कवापास्नं लिपतोय मी, आन् हुभा ऱ्हातोस व्हय त्येच्यावर?"

'याक' म्हणजे 'का', आणि तिकडं बायकाही 'मी करतो' म्हणणार. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, सगळं मालुबाईचं. गेम लई चालला. पोरं मुद्दाम पाय द्यायची, शिव्या ऐकायला.

मग बेंगळुरूहून बोलावणं आलं. तिथं दरवर्षी गेमवाल्यांचा बक्षीस समारंभ होतो. उत्कृष्ट आवाजाच्या बक्षिसासाठी मालुबाईचं नाव निवडलेलं. तिनं इरकल लुगडं काढलं, नाकात नथ घातली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्या आवाजाचं कौतुक करणार होतं आणि तिला ते मनापासून हवं होतं, उगीच कशाला खोटं बोला.

सभागृहात दिवे मंदावले. पडद्यावर किल्ला आला, तटावर पाय पडला आणि एक गोड, साखरेत घोळलेला आवाज म्हणाला, "बाळा, जरा जपून हं. किल्ला ओला आहे."

मालुबाईनं सुनेकडं बघितलं. "ही कोण गं?"

रचनालाही कुणी सांगितलं नव्हतं. ती तरातरा बाजूला उभ्या असलेल्या संयोजकाकडं गेली. तो मराठीच होता. म्हणाला, "कार्यक्रम देशभर दिसतो, मॅडम. ते गावठी, त्यात कन्नड. कुणाला कळणार? म्हणून एका नटीकडून नीट करून घेतलं. बक्षीस तुमच्याच आईंना आहे, काळजी करू नका."

रचना परत आली आणि सासूला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मालुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्यानं निदान तोंडावर सांगितलं होतं. ह्यांनी तिला नटवून आणून खुर्चीत बसवलं आणि तोंड दुसरीचं लावलं.

तेवढ्यात स्टेजवरून नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. मालुबाई उठली आणि थबकली.

"रचना, मी बोललो तर तुझं नुकसान हुईल काय?"

ह्या बक्षिसावर रचनाची कंपनी उभी राहणार होती. पुढच्या गेमला पैसा घालणारा माणूस दुसऱ्या रांगेतच बसला होता.

"हुईल, आत्ती," ती म्हणाली. "तरीबी बोला."

मालुबाई पायऱ्या चढली. सूत्रसंचालिकेनं ट्रॉफी पुढं केली. ती तिनं घेतली नाही. माईक मात्र घेतला आणि समोरच्यांना कळावं म्हणून सरळ कन्नडमध्ये विचारलं, मघाशी बोललेली बाई कुठं आहे? काही बेंगळुरूकर हसले. संयोजक लगबगीनं स्टेजवर आला, मराठीत म्हणाला, "आई, घ्या ना. लोक बघताहेत."

"बघू दे की," मालुबाई म्हणाली. "बक्षीस आवाजाचं हाय न्हवं? मग ज्या बाईचा आवाज लावलासा तिला द्या. तिनं काय वंगाळ केलं न्हाय, बिचारीनं. माझा आवाज तुमाला नको झाला, त्यो मी घेऊन जातो."

ती खाली उतरली. रचना दोघींच्या पिशव्या घेऊन वाटेत उभी होती.