चार नंबरच्या दालनातली नऊ मिनिटं

आमच्या कोर्टात तिला सगळे रीस्टार्टबाई म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर 'मॅडम'. हे नाव कोणी ठेवलं असं तिने एकदा मला सरळ विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो. ठेवलं मीच होतं.

मी चार नंबरच्या दालनाचा बेंच क्लार्क. न्यायाधीशांच्या उंच टेबलाखाली माझी खुर्ची, शेजारी टायपिस्टची. साक्षीदार बोलत जातो, टायपिस्ट टाइप करत जाते, आणि शेवटी छापलेले कागद वाचून साक्षीदार त्यावर सही करतो. मग ती साक्ष झाली. त्याआधी ती फक्त हवेत.

इमारतीत चौसष्ट कॉम्प्युटर, आणि ते सांभाळायला ही एकटी बाई. पण मशीनवर हुकूम तिचा नाही, मुख्य कार्यालयाचा. तिकडचे लोक ठरवणार, अपडेट कधी यायचं आणि मशीन कधी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. अपडेट आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवायची: मशीन पुन्हा सुरू करा. खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'. आम्ही सगळे 'नंतर' वाले. काम अर्धवट टाकून मशीनचे लाड कोण करणार?

त्यामुळे मुख्य कार्यालयाने नियम केला, की कामाची वेळ संपली की मशीन आपोआप पुन्हा सुरू होईल. प्रत्येक कोर्टाने फक्त आपली वेळ कळवायची. रीस्टार्टबाईने लिहून पाठवलं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. बाहेरच्या पाटीवरही तेच लिहिलेलं आहे. तिची चूक कोणी काढली नसती.

पण कोर्ट काय पाटी वाचून चालतं? शिवणकारखान्याच्या आगीचा खटला चालू होता, आरोपी कारखान्याचा मालक. आतून दार उघडलं नाही म्हणून पाच बायका गेल्या होत्या. आग डोळ्यांनी पाहिलेल्या दोघीच उरल्या. त्यातली पहिली त्या दिवशी साक्षीला उभी राहिली. चारला बोलायला लागली, आणि एकदा बोलायला लागली ती थांबेना. न्यायाधीशसाहेबही उठले नाहीत. पाच वाजून दहा मिनिटांनी टायपिस्टचा पडदा काळा झाला.

आमचं साक्षीचं सॉफ्टवेअर म्हणजे जुनं खोड. दालनात ते त्या एकाच मशीनवर, आणि बटण दाबल्याशिवाय एक अक्षर जपून ठेवायचं नाही. शिवाय ते बटण दाबलं की मिनिटभर सगळं अडायचं, म्हणून टायपिस्ट ते शेवटी दाबायची. सत्तर मिनिटांची साक्ष गेली. साहेब म्हणाले, आठवेल तसं पुन्हा घेऊ. मालकाचा वकील लगेच उभा राहिला. म्हणाला, साक्षीदाराचेच शब्द हवेत, आमच्या आठवणी नकोत. कायद्याने त्याचं बरोबर होतं. पुढची तारीख पडली.

पुढच्या तारखेला ती बाई आली. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "आठवत नाही." तिला सगळं आठवत होतं. पण ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिचा चेहरा बघून मला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीस्टार्टबाई आमच्या दालनात आली आणि टायपिस्टसमोर उभी राहिली. "ते पाच मी लिहिलं होतं," ती म्हणाली. एवढंच. सबब नाही, मुख्य कार्यालयाच्या नावाने खडे फोडणं नाही. टायपिस्टने प्रिंटरमध्ये कागद भरायला घेतले.

तिचे वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे, आमच्याच कोर्टात यायचे. मला आठवतात. पिशवीतून ब्रश आणि तेलाची बाटली काढायचे, आणि पान पूर्ण होईपर्यंत खुर्चीच्या मागे मुकाट उभे राहायचे. मधेच मशीनला हात लावायचे नाहीत. पोरीत तो गुण होता, पण मुकाटपणा मात्र अजिबात नव्हता. तिने मुख्य कार्यालयाला पत्रांनी भंडावून सोडलं. उत्तर यायचं, सगळ्या यंत्रांना नियम एकच. ही पुन्हा लिहायची. तिकडच्या साहेबाने फोनवर आवाज चढवला, तर हिने दुप्पट चढवला. खालच्या मजल्यावर आम्ही चहा पिता पिता ऐकत होतो. शेवटी चौथ्या महिन्यात त्यांनी हात टेकले, पण अट घालून. आमची मशीन आपोआप बंद होणार नाहीत, अपडेट आल्यापासून सात दिवस मिळतील. सातव्या दिवशी सहाच्या आत चौसष्टच्या चौसष्ट मशीन आम्ही हाताने सुरू केलेली हवीत. एक जरी राहिलं, तर सहाला ते आपोआप बंद होणार आणि सवलत सगळ्या कोर्टाची जाणार.

तिथून तिने आमचा पिच्छा पुरवला. एक वही केली. कोण किती वाजता जेवायला उठतो, कोणाचं टेबल कधी रिकामं असतं, सगळं त्यात. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, मशीन रोज बंद करता ना?"

"एकतीस वर्षांची नोकरी आहे. रोज बंद करून जातो," मी छाती फुगवून म्हणालो.

"गेल्या एकशे बारा रात्री हे चालूच राहिलंय."

मी इतकी वर्षं घरी जाताना फक्त पडदा बंद करत होतो. खालचा डबा रात्रंदिवस घरघरत होता, आणि मला वाटायचं पंख्याचा आवाज आहे. ती हसली नाही, याचंच मला जास्त लागलं. मग पोरीला चालायला शिकवावं तसं तिने मला मशीन बंद करायला शिकवलं. रीस्टार्टबाई हे नाव त्याच दिवशीचं. माझा राग होता तो, दुसरं काही नाही.

सहा महिने सवलत टिकली. सहाही महिने आमच्या टायपिस्टचं मशीन सगळ्यांत शेवटी. त्या दिवसापासून तिचा मशीनवरचा विश्वासच उडाला होता. कोपऱ्यातली चौकट दिसू नये म्हणून तिने पडद्यावर तिथे कागद चिकटवला होता. दर वेळी सातव्या दिवशी रीस्टार्टबाई येऊन शेजारी बसायची, मग कुठे ही बटण दाबायची.

सातव्या महिन्यात, अपडेट आल्यापासूनच्या सातव्या दिवशीच आगीच्या खटल्यातली दुसरी साक्षीदार आली. ही शेवटची. कापड कापणारी, चाळिशीची, हातावर भाजल्याचे चट्टे. बस उशिरा पोचल्यामुळे तिला उभी राहायलाच चार वाजून गेले. ठरलं होतं पाचला मशीन पुन्हा सुरू करायचं. पाच वाजले, साडेपाच वाजले, साहेब ऐकतायत, ती बोलतेय, मधे जतन करायला मिनिटभर उसंत नाही.

पाच चाळीसला मागचं दार उघडलं. रीस्टार्टबाई भिंतीला लागून उभी राहिली. तिने थोडी मुदत मागायला मुख्य कार्यालयाला फोन केला होता. "सोमवारी बघू," म्हणाले. म्हणजे सहाला पडदा काळा होणार, आणि टायपिस्टच्या कागदाखालची चौकट कोणाला दिसत नव्हती. मी घड्याळाकडे बघितलं, वीसच मिनिटं उरली होती.

साक्षीदार धुराबद्दल सांगत होती, पोरी एकमेकींचे हात धरून कशा जिन्याकडे पळाल्या ते सांगत होती. रीस्टार्टबाईचे डोळे घड्याळावर आणि कान तिच्याकडे. पाच पंचेचाळीस झाले. शेहेचाळीस झाले. माझ्याने राहवेना, मी तिला खूण केली, बोल ना बाई! तिने मानेनेच नाही म्हटलं. साक्षीदार वाक्य संपवून पाण्यासाठी थांबली, तेव्हाच तिने हात वर केला.

"साहेब, मला थोडा वेळ पाहिजे."

चालू साक्षीत बाहेरच्या माणसाने तोंड उघडलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मालकाचा वकील उसळलाच. "ही कोण? हिला बाहेर काढा!"

"मी इथले कॉम्प्युटर सांभाळते," ती साहेबांकडे बघून म्हणाली. "सहा वाजता हे मशीन बंद पडेल. मागच्या वेळी पडलं होतं तसंच. आत्ता थांबवलं तर काही जाणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला. मागची वेळ तेही विसरले नव्हते. "किती वेळ लागेल?"

"नऊ मिनिटं."

"दहावं लागलं तर?"

"लागणार नाही."

साहेबांनी मान डोलावली. पण टायपिस्टने दोन्ही हात कीबोर्डवर पसरले, कोणी हिसकावून नेईल असे. "मी बंद करणार नाही," ती म्हणाली. "परत यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावू? मी नाही करणार."

रीस्टार्टबाई तिच्यापाशी गेली नाही. ती साक्षीदाराच्या कठड्यापाशी गेली. "ताई, आतापर्यंत तुम्ही जे बोललात ते आधी छापून तुमच्या हातात देते. ते तुमच्याजवळच ठेवा. मशीन त्यानंतर बंद करू. चालेल?"

साक्षीदाराने टायपिस्टकडे बघितलं. "द्या कागद," ती म्हणाली.

टायपिस्टने जतन करायचं बटण दाबलं. मिनिटभर सगळं अडलं. मग प्रिंटरने अकरा पानं काढली. शिपायाने ती नेऊन दिली, साक्षीदाराने एकेक पान मोजून छातीशी धरलं. पाच पन्नासला टायपिस्टने पडद्यावरचा कागद बाजूला करून 'आता' वर बोट ठेवलं आणि डोळे मिटून दाबलं.

पडदा काळा. मग पांढरी अक्षरं, दहा टक्के. पंचवीस. तिथेच ढिम्म. वकील घड्याळावर बोट आपटत होता. भर कोर्टात साहेब, वकील, शिपाई, सगळे एका पडद्यावरचे आकडे वाचत बसलेले. साक्षीदार मात्र आपली पानं वाचत होती, ओठ हलवत, एक ओळ न सोडता. साठ टक्के. रीस्टार्टबाई भिंतीला टेकलीसुद्धा नाही, टायपिस्टच्या खुर्चीमागे ताठ उभी. नव्वद. सहाला एक मिनिट कमी असताना पडदा उजळला.

टायपिस्टने साक्ष उघडली. सगळी होती. तिने घसा साफ केला आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "'आम्ही दार ओढलं, ते बाहेरून बंद होतं.'"

"बरोबर," साक्षीदार म्हणाली. पानं तिने कठड्यावर ठेवली आणि आरोपीच्या जागी बसलेल्या मालकाकडे वळून सरळ बघितलं. "आता कुलूप कोणी लावलं, ते लिहा."