पुलाच्या पलीकडची वाट

मंडळी, आज ऑफिसात काही सुचलं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा डेव्हिड वेल्समधल्या नदीकाठच्या एका छोट्या गावचा. आज तिकडे त्याच्या आईचा दफनविधी होता. पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, रिन्यूअलमध्ये अडकलाय, म्हणून तो इथे रियाधमध्येच.

दोन वाजता त्याने व्हाइटबोर्डवर गाव काढलं. नदीचं वळण, दगडी पूल, बंद पडलेली गिरणी. पूर्वी पुरात थडगी वाहून गेली, म्हणून दफनभूमी पलीकडच्या टेकडीवर नेलेली.

घड्याळ बघत तो बोट सरकवू लागला. "आता घरातून निघाले. आता पुलावर असतील."

पुलापलीकडे बोट थांबलं. "पुढची वाट आठवत नाही रे."

घरी येऊन मी आमचं गाव काढायला बसलो. स्मशानाच्या वाटेवर माझं पेनही ओढ्यापाशीच अडलं. बाबांना नेलं, तेव्हा मीही इथे रियाधमध्येच होतो.

तुम्हाला येते का ती वाट काढता?