आत जाणाऱ्यांचा स्कोअर

जवाहरनगरच्या फॅक्टरीत मी दारूगोळ्याच्या कामावर होतो. गेटच्या आत काडेपेटी चालायची नाही, तसा ट्रान्झिस्टरही नाही. त्यामुळे आम्ही सगळे क्रिकेटवेडे गेटबाहेरच्या सायकल स्टँडवाल्याच्या भरवशावर असायचो. त्याचं नाव कधी कुणी विचारलं नाही. ट्रान्झिस्टर खांद्यावर, कान त्याला चिकटलेला, आणि सायकली लावता लावता तो महागाईवरही बोलायचा. "या मंत्र्याले बारावा गडी करा ना भाऊ, पानी तरी पाजंल!"

दुपारपाळीला आत जाताना स्कोअर विचारला की उत्तर ठरलेलं असायचं, "जमून राहिले ना आपले पोट्टे! जा बिनघोर." खरं काय ते तो पाळी सुटल्यावर सांगायचा.

एकदा मी घरीच कॉमेंट्री ऐकून आलो होतो. जेवणाच्या सुट्टीआधीच आपले निम्मे गडी बाद झाले होते. तरी त्याचं आपलं तेच. मी चिडलो, "काहून खोटं सांगता जी?"

त्यानं ट्रान्झिस्टरचा आवाज कमी केला.

"मॅच त हरूनच राहिली. पन तुमाले आता बारुदीत हात घालाचा हाये. डोकं मॅचमंदी अडकलं त हात चुकंल."

त्यानंतर मी घरी कॉमेंट्री ऐकणं सोडलं. त्याच्याकडे सायकल द्यायची, स्कोअर विचारायचा आणि आत जायचं. माझी नोकरी संपेपर्यंत, दुपारपाळीला आत जाताना, भारत एकही मॅच हरला नाही.